आजीच्या कबरीवर "पुन्हा भेटू" कोरायचं की नाही? (आणि माळकरी आजोबा स्वर्गात असतील का)

गावठी_ट्यूलिप
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय घरगुती आहे पण घरात उत्तर मिळेना म्हणून इथे.

माझी आजी, म्हणजे आईची आई, मागच्या वर्षी गेली. आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, मिशनच्या शाळेतून वर आलेले. आजीचा जन्मच ख्रिस्ती घरातला. आजोबा मात्र हिंदू, माळकरी. हे लग्न कसं झालं ती वेगळीच कादंबरी आहे, पण तेव्हा आमच्याकडे एकाच भावकीत अर्धी घरं बाप्तिस्मा घेतलेली आणि अर्धी नाही असं असायचं, सोयरीक काही तुटलेली नसायची. आजोबा आषाढीला पायी पंढरपूरला, आजी दर रविवारी चर्चला. एकाच कोनाड्यात बुक्क्याची डबी आणि बायबल. चाळीसेक वर्षं असंच चाललं. आजोबा १९९४ ला गेले, दहन झालं, रक्षा प्रवरासंगमला सोडली. आजीने त्यांची तुळशीची माळ शेवटपर्यंत बायबलमध्ये खूण म्हणून ठेवली होती.

आजीने आईला सांगून ठेवलं होतं की माझ्या पाटीवर नाव, साल आणि "पुन्हा भेटू" एवढंच घाला, वचन-बिचन नको. कोणाला भेटायचंय ते आम्हाला सगळ्यांना कळलं.

आता पाटी बसवायची तर मामेभाऊ अडून बसलाय. तो गेली सहा वर्षं एका नव्या मंडळीत जातो, माणूस चांगला आहे, आजीचं शेवटचं सगळं त्यानेच केलं. पण तो म्हणतो आजी प्रभूजवळ आहे, आजोबांनी प्रभूला स्वीकारलं नाही, तेव्हा भेट होणार नाही आणि कबरीवर खोटं कोरायचं नाही. आमच्या जुन्या पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, "घरात ठरवा बाई."

ख्रिस्ती शिकवण खरंच एवढी सरळ आहे का, हे मला समजून घ्यायचंय. भांडण नकोय, भांडण घरी आहेच.

चहाटळ
रुमाल टाकून ठेवतो. माळेची खूण वाचून गलबललो.

नास्तिकनाना
सोपं आहे. दोघंही कुठेच नाहीत. तेव्हा भेटायला काहीच अडचण नाही.

अर्धा_कप
नाना, पहिल्या पाचात यायलाच पाहिजे का दर वेळी?

कडक_इस्त्री
ताई, तुमच्या भावाच्या बाजूने कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितो. मी पण तशाच मंडळीत जातो, पिंपरीला. आम्हाला कोणाला नरकात पाठवायची हौस नाही हे आधी समजून घ्या. पण शास्त्रात काय आहे ते बदलता येत नाही. योहान १४:६, मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे, माझ्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही. प्रेषितांची कृत्ये ४:१२, दुसऱ्या कोणाच्या ठायी तारण नाही. आता हे वाचून एखादा माणूस झोपेल कसा? माझे वडील अजून विश्वासात नाहीत आणि ते ७८ वर्षांचे आहेत. मी रोज पहाटे उठून त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. सगळे आपोआप जाणारच असतील तर क्रूसाची गरजच काय होती? तुमचा भाऊ कठोर नाही, तो घाबरलेला असेल.

गावठी_ट्यूलिप
@कडक_इस्त्री, शेवटचं वाक्य माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद.

केळीची_वाडी
मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडचं सांगते.

पूर्वी आमच्यातही असंच शिकवायचे की ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही. हे वाक्य पार तिसऱ्या शतकातल्या संत सिप्रियनपासूनचं आहे. माझ्या आजीच्या काळात तर प्रॉटेस्टंटसुद्धा त्यात बाहेरचे, म्हणजे ट्यूलिप तुझी आजी पण गेली! पण १९६२ ते ६५ दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, त्यात १९६४ चा ख्रिस्तसभेवरचा जो दस्तऐवज आहे त्याच्या सोळाव्या परिच्छेदात साफ लिहिलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकबुद्धीला जे पटतं तसं वागायचा प्रयत्न करतात त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकतं. मिळू शकतं, हं. मिळतंच असं नाही. आणि जे मिळतं ते ख्रिस्तामुळेच, त्याला माहीत असो वा नसो, असं चर्चचं म्हणणं. परिषदेच्या आधीही हे अगदीच नव्हतं असं नाही, अमेरिकेत फीनी नावाचे एक फादर होते ते "बाहेरचा एकही नाही" म्हणून हटून बसले तर १९५३ मध्ये रोमने त्यांनाच बाहेर काढलं. सभेबाहेर तारण नाही म्हणणारा स्वतःच सभेबाहेर. (नंतर समेट झाला.)

बाकी आमच्याकडे २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं कबरस्तान मेणबत्त्यांनी भरून जातं. मेलेल्यांसाठी मिस्सा देतो, प्रार्थना करतो, कारण शुद्धिस्थान मानतो, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था. म्हणजे मेल्यावर फाइल लगेच बंद होत नाही.

कडक_इस्त्री
@केळीची_वाडी, शुद्धिस्थान बायबलमध्ये दाखवा. आणि दुसरं, "ज्यांना कळलं नाही" असं तुम्हीच लिहिलंय. आजोबांच्या घरात चाळीस वर्षं बायबल होतं, बायको रोज वाचायची. त्यांना कळलं नव्हतं असं कसं म्हणता येईल?

चहाटळ
बिनतोड.

केळीची_वाडी
शुद्धिस्थानासाठी आम्ही मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय दाखवतो, तुम्ही म्हणणार ते पुस्तकच आमच्या बायबलात नाही, मग आपण दोघं ल्यूथरच्या भांडणात, १५१७ सालात जाऊन बसणार. नको.

दुसरा मुद्दा मात्र जड आहे, मान्य. त्याच दस्तऐवजात चौदाव्या परिच्छेदात आहेच की सभा आवश्यक आहे हे *जाणूनही* जो नाकारतो त्याला तारण नाही. पण जाणणं म्हणजे कानावर पडणं का? माझ्या नवऱ्याला मी वीस वर्षं सांगतेय की ओला टॉवेल गादीवर टाकू नको. कानावर पडलंय. कळलंय का?

अर्धा_कप
हा टॉवेल धर्मशास्त्राच्या पुस्तकात जायला पाहिजे.

तिसरी_घंटा
नगरचा विषय निघालाय तर टिळक आठवायलाच हवेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० ला. मधली पाच वर्षं हेच ट्यूलिप यांच्या घरातलं चित्र, फक्त उलटं. आणि टिळक स्वतः म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. मला नेहमी प्रश्न पडतो, ज्याच्या पुलावरून टिळक पलीकडे गेले तो तुकोबा अलीकडेच राहिला असं कोणी कसं म्हणू शकेल? टोलनाका आहे का?

नास्तिकनाना
पुलाचा कंत्राटदार पुलावरच असतो शेवटपर्यंत.

तिसरी_घंटा
नाना, हे चुकून सुंदर झालंय.

बार्देसकार
गोव्यातून देव बरें करूं. एक गंमत सांगतो. मराठीत ख्रिस्ती स्वर्गाला पहिल्यांदा काय म्हटलं असेल? फादर स्टीफन्स, इंग्रज जेजुइट, १६१६ ला त्यांचं ख्रिस्तपुराण इथे राशोल सेमिनारीच्या छापखान्यातून आलं, ओवीबद्ध. त्यात स्वर्गाला चक्क *वैकुंठ* म्हटलंय! म्हणजे चारशे वर्षांपूर्वी साष्टीतला नुकता बाटलेला माणूस आज्याच्याच शब्दात नवा स्वर्ग ऐकत होता. पुढे १६८४ ला पोर्तुगिजांनी देशी भाषांवरच बंदीचा हुकूम काढला ती गोष्ट वेगळी. पण ट्यूलिपबाय, तुमचे आजोबा वैकुंठाला गेले आणि आजी पण स्टीफन्सच्या मराठीत वैकुंठालाच गेली. पत्ता एकच झाला की.

कडक_इस्त्री
शब्द एक म्हणून जागा एक होत नाही बार्देसकार. नगर शहर पण आहे आणि नगर रोड पुण्यात पण आहे.

बार्देसकार
हो पण रोड जातो नगरलाच ना 😄

पावसाळी_बेडूक
वारकरी घरातला आहे म्हणून लिहितो. सगळे मिळून आजोबांना स्वर्गात ढकलताय पण आजोबांना जायचंय का विचारलं का कोणी? हिंदूंच्या स्वर्गात तर पुण्य संपलं की खाली पाठवतात, गीतेच्या नवव्या अध्यायात आहे. लॉजिंग बोर्डिंगसारखं. आणि वारकऱ्याला तर मोक्ष पण नको असतो. आमच्याकडे कीर्तन संपताना तुकोबांचं जे मागणं म्हणतात त्यात काय आहे, मुक्ती नको, संपत्ती नको, संतांची संगत दे आणि मग खुशाल परत गर्भवासाला घाल. परत जन्माला घाल म्हणतोय माणूस! तर आजोबा बहुतेक पुढच्या आषाढीच्या तयारीत असतील कुठेतरी, तिशीचे झाले असतील आता.

गावठी_ट्यूलिप
@पावसाळी_बेडूक, अरे देवा. आजोबा रोज संध्याकाळी हेच म्हणायचे आणि आजी चुलीपाशी बसून म्हणायची, "तुम्ही जावा परत, मी नाही येणार, मला नाही परत भाकऱ्या थापायच्या." हे मी पूर्ण विसरले होते.

नास्तिकनाना
मग प्रश्न मिटला. आजी स्वर्गात, आजोबा साताऱ्यात कुठेतरी आयटीत.

प्रा_टेकडी
धागा उशिरा दिसला. थोडं लांबेल, माफ करा.

सगळे "स्वर्गात जाणं" यावर बोलताय पण ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा तो नाहीच. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो त्याचं जुनं निवेदन, दर रविवारी म्हणतात त्यात "मेल्यावर आत्मा स्वर्गात जातो" हे वाक्य कुठेही नाही. आहे ते "शरीराचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन". आत्मा पिंजऱ्यातून उडाला आणि वर गेला हे चित्र ग्रीकांचं, प्लेटोकडचं, आणि थोडंफार आपलंही, म्हणून ते आपल्याला पटकन पटतं. यहुदी माणसाला ते अर्धवट वाटलं असतं. पौल करिंथकरांना लिहितो (पहिलं पत्र, अध्याय १५, साधारण इ.स. ५५ च्या आसपासचं) की मेलेले उठत नसतील तर ख्रिस्तही उठला नाही, आणि ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. सगळा डाव एका पत्त्यावर लावलाय त्याने. त्या काळात यहुद्यांतलेच सदूकी पुनरुत्थान मानत नव्हते, ते येशूकडे खोचक प्रश्न घेऊन आले की एका बाईला एकामागून एक सात भाऊ नवरे झाले, सगळे मेले, तर पुनरुत्थानाला ती कोणाची बायको? येशू म्हणाला तेव्हा लग्नं करत नाहीत नि करून देत नाहीत.

उठलेलं शरीर म्हणजे काय तर लूकच्या चोविसाव्या अध्यायात उठलेला येशू शिष्यांना म्हणतो खायला आहे का काही, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो. भूत मासा खात नाही, हे दाखवायला. येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराचं वेगळं हं, तो उठला पण पुन्हा म्हातारा होऊन मेला असणार. पुनरुत्थान म्हणजे परत न मरणं.

इंग्लंडचे एन. टी. राइट म्हणून नव्या कराराचे अभ्यासक आहेत, डरॅमचे बिशप होते, ते वर्षानुवर्षं हेच सांगतायत की स्वर्ग ही वाटेतली धर्मशाळा, मुक्काम म्हणजे नवं आकाश आणि नवी पृथ्वी, प्रकटीकरण २१. तिथे नगरी खाली उतरते, माणसं वर जात नाहीत.

केळीची_वाडी
भाजलेला मासा वाचून वसईत आनंदीआनंद. बोंबील असणार.

बार्देसकार
गालीलचं गोडं पाणी, बोंबील कुठला? पण बांगडा पण नाही म्हणजे. स्वर्गाबद्दल माझी शंका वाढली.

अर्धा_कप
@प्रा_टेकडी, मग ज्यांना जाळलं त्यांचं शरीर कसं उठणार? आजोबांची रक्षा तर गोदावरीतून आंध्रात गेली असेल आत्तापर्यंत.

प्रा_टेकडी
हा प्रश्न फार जुना आहे. सिंहांनी खाल्लेल्या, समुद्रात बुडालेल्या हुतात्म्यांचं काय, हे पहिल्या शतकांतच विचारलं गेलं. संत ऑगस्टीनने तर नरभक्षकाचा प्रश्न घेतलाय, एकाने दुसऱ्याला खाल्लं तर ते मांस उठताना कोणाचं? त्याचं उत्तर, मूळ मालकाचं. उसनं घेतलेलं परत. पौलाचं उत्तर मला जास्त आवडतं. तो म्हणतो तू पेरतोस तो नुसता दाणा असतो, जे उगवतं ते दाण्यासारखं दिसत नाही. बाजरीचा दाणा हातात घेऊन कणसाचा अंदाज येतो का कोणाला?

कॅथलिक चर्चने १९६३ ला दहनाला परवानगी दिली. २०१६ ला परत बजावलं की रक्षा घरात ठेवू नका, उधळू नका, पवित्र जागी ठेवा.

केळीची_वाडी
आणि मुंबईत कुठली शाश्वत कबर आणि कुठलं काय. माझ्या सासरच्यांची सिमेंटरी मुंबईत आहे, तिथे दोन-अडीच वर्षांनी कबर उकरून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात कारण रांग लागलेली असते. सासूबाई म्हणायच्या शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की आमच्या पॅरिशमध्ये आधी गर्दी नियंत्रणाला पोलीस लागतील.

टोरांटोची_थंडी
अवांतर. कॅनडात येण्याआधी चार वर्षं सॉल्ट लेक सिटीत होते, मॉर्मन लोकांचं गाव. ऑफिसातल्या एका गोड बाईने विचारलं तुझ्या पणजोबांचं नाव काय. मी कौतुकाने सांगायला लागले, मग कळलं की ते लोक मेलेल्यांच्या नावाने जिवंत माणसाला बाप्तिस्मा देतात, म्हणजे पलीकडे गेलेल्याला हवं तर तो स्वीकारू शकतो. त्यासाठीच जगभरच्या वंशावळी गोळा केल्यात, प्रचंड लायब्ररी आहे. ज्यू छळछावण्यांत मेलेल्यांची नावं पण घातली होती, त्यावरून मोठा आरडाओरडा झाला आणि १९९५ ला त्यांना थांबवायचं कबूल करावं लागलं. मी पणजोबांचं नाव सांगितलं नाही. देशस्थ ऋग्वेदी माणूस, एकदम पाण्यात बुडवला तर काय म्हणेल!

प्रा_टेकडी
त्यांचा आधार त्याच पंधराव्या अध्यायात आहे, २९ वी ओळ, "मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणारे". पौल एका ओळीत सांगून पुढे जातो आणि अभ्यासक अजून डोकं खाजवतायत.

धुरकट_काच
आमच्या दारात यायचे त्यांचं वेगळंच, यहोवाचे साक्षीदार. स्वर्गात फक्त १,४४,००० जागा, बाकीचे चांगले लोक इथेच पृथ्वीवर नंदनवनात. नरक नाहीच. मला ही योजना बरी वाटली, विशेषतः म्हाडापेक्षा.

आणि पुण्यात स्पायसरला शिकलेला मित्र आहे, ॲडव्हेंटिस्ट, शनिवार पाळणारा. त्याच्या मते मेलेला माणूस झोपलेला असतो, काही कळत नाही, शेवटच्या दिवशी एकदम जाग. म्हणजे ट्यूलिप यांच्या आजीसुद्धा आत्ता स्वर्गात नाहीत. त्या हिशोबाने सध्या तरी दोघं नवराबायको शेजारी शेजारी घोरतायत.

गावठी_ट्यूलिप
आजोबा घोरायचे खरंच.

नास्तिकनाना
मला एक सांगा. आयुष्यभर लोकांना लुबाडलं आणि मरताना "प्रभू, क्षमा कर" म्हटलं की पास? आणि आयुष्यभर नीट वागलेला वारकरी नापास? हा कुठला न्याय. आपल्याकडे ग्रेस मार्क पाच-दहा असतात, शंभर नसतात.

कडक_इस्त्री
नाना, तुम्ही थट्टेत बोललात पण नेमकं तेच आहे. शंभरच्या शंभर ग्रेस. इफिसकरांस २:८, कृपेनेच तारण, कर्मांनी नाही, म्हणजे कोणी फुशारकी मारू नये. येशूच्या बाजूला खिळलेल्या चोराने काय केलं होतं? ना बाप्तिस्मा, ना दानधर्म. एक वाक्य बोलला, माझी आठवण ठेव. उत्तर मिळालं, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मी दारू पिऊन बायकोला मारायचो. नीट वागण्याच्या मार्कांवर मला कोणी घेतलं नसतं. म्हणून मला हा अन्याय आवडतो.

नास्तिकनाना
…बरं. ह्यावर विनोद नाही करत.

धुरकट_काच
पण मग मत्तय २५ चं काय? शेवटच्या न्यायाला येशू मेंढरं आणि शेरडं वेगळी करावी तशी माणसं वेगळी करतो तिथे प्रश्नपत्रिका अगदी वेगळी आहे, भुकेल्याला खायला दिलं का, तहानेल्याला पाणी, तुरुंगातल्याला भेटलास का. विश्वास होता का असं विचारतच नाही. आणि पास झालेले चक्रावतात की प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं. मला तर ह्यात वारीतल्या लोकांना पाणी देणारे दिसतात.

तिसरी_घंटा
विश्वास की कर्म, ह्यावरच तर ल्यूथरपासून युरोप फुटला. शेवटी १९९९ ला, ल्यूथरने १५१७ ला वाद सुरू केला त्याच ३१ ऑक्टोबरला, ल्यूथरन आणि कॅथलिक लोकांनी ऑग्सबर्गला एकत्र सही केली की बाबा तारण कृपेनेच, आणि सत्कर्म हे त्याचं फळ. पावणेपाचशे वर्षं आणि मधली युद्धं. दोन भावांच्या बांधाच्या केससारखं, निकाल लागला तेव्हा मूळ वादी-प्रतिवादी कोणी उरले नव्हते.

निळा_कंदील
कधी लिहीत नाही, आज लिहितेय. माझं पहिलं बाळ जन्मल्यावर दोन तासांत गेलं, १९८८ साली. स्नानसंस्कार झाला नाही. गावातल्या एका जुन्या मावशीने तेव्हा मला सांगितलं की ते लिंबोत गेलं, ना स्वर्ग ना नरक, देवाचं तोंड दिसणार नाही. आणि पुरलं पण कोपऱ्यात, कुंपणाकडे. मी कितीतरी वर्षं त्या शब्दावर रडले. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या समितीने लिहिलं की लिंबो हा कधी सक्तीचा सिद्धांत नव्हताच, अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. फादरांनी मला घरी येऊन सांगितलं. मी त्यांना म्हटलं, फादर, मला एकोणीस वर्षं उशिरा सांगितलंत. ते काही बोलले नाहीत, माझ्याबरोबर कुंपणापर्यंत चालत आले.

म्हणून सांगते, भावाला समजव, पण कोण कुठे गेलं हे कोणाच्या आईला-नातीला ठाम सांगू नये.

अर्धा_कप
ताई 🙏

केळीची_वाडी
🙏 दर २ नोव्हेंबरला एक मेणबत्ती कुंपणाकडे लावीन आता.

व्यवस्थापन
चर्चा चांगली चालू आहे. एक प्रतिसाद धर्मप्रचाराच्या लिंकमुळे आणि दोन प्रतिसाद शिवीगाळीमुळे काढले आहेत. परंपरा तोडू नका.

टोरांटोची_थंडी
इस्तंबूलला खोरा नावाचं जुनं चर्च आहे, आता मशीद, तिथलं चौदाव्या शतकातलं एक भित्तिचित्र पाहिलं होतं. ऑर्थोडॉक्स लोक पुनरुत्थानाचं चित्र काढतात तेव्हा रिकामी कबर काढत नाहीत. येशू खाली अधोलोकात गेलाय, पायाखाली मोडलेली दारं, कुलपं-किल्ल्या विखुरलेल्या, आणि तो एका हाताने आदामाला आणि एका हाताने हव्वेला शवपेट्यांतून ओढून काढतोय. गाइडने दाखवलं की हात हातात धरलेला नाही, मनगट धरलंय. म्हणजे वर येणाऱ्याने पकडायची पण गरज नाही, ओढणारा धरतोय. आणि दोघांना एकदम. नवराबायकोला. ट्यूलिप, तुमचा धागा वाचताना तेच डोळ्यासमोर येतंय.

कडक_इस्त्री
चित्र सुंदर आहे. पण चित्रावर मत ठरवता येत नाही.

प्रा_टेकडी
चित्रामागे वचन आहे, पेत्राचं पहिलं पत्र ३:१९, बंदिवासातल्या आत्म्यांना त्याने जाऊन घोषणा केली. आणि मतांगीकारातलं "अधोलोकात उतरला". मात्र सगळे सुटतीलच असं ठाम म्हणणंही चर्चने मान्य केलं नाही. ओरिजेन या तिसऱ्या शतकातल्या धर्मपंडिताच्या नावावर असलेलं ते मत सहाव्या शतकात नाकारलं गेलं. आशा धरा, खात्री देऊ नका, अशी ती कसरत आहे.

ओसरीवरचा_पाट
नमस्कार. मी निवृत्त पाळक आहे, नात टाइप करून देतेय. मूळ प्रश्नाकडे येतो कारण तो कोणी पाहिलाच नाही असं वाटतं. बाईंचे आजी-आजोबा म्हणजे एक विश्वासी पत्नी आणि एक विश्वासात नसलेला पती. अशा जोडप्यांबद्दल पौलाने थेट लिहून ठेवलंय! करिंथकरांस पहिलं पत्र, सातवा अध्याय, १२ ते १६. नवरा राहायला राजी असेल तर त्याला सोडू नको म्हणतो, आणि पुढे म्हणतो विश्वासात नसलेला पती पत्नीच्या योगे *पवित्र झालेला आहे*. होईल नाही, झालेला आहे. मी चाळीस वर्षांत अशी बरीच लग्नं पाहिली आणि दर वेळी ह्या ओळीपाशी थांबलो. त्यावरून आजोबांचं तारण झालं असं मी म्हणणार नाही, कारण सोळाव्या ओळीत तोच विचारतो, हे पत्नी, तू पतीला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक? पण तुला काय ठाऊक हा प्रश्न दोन्हीकडे लागू आहे. तुमच्या भावालाही लागू आहे.

कडक_इस्त्री
पाळकसाहेब, जय ख्रिस्त. ही ओळ मी शंभरदा वाचलीय पण लग्न टिकवण्यासाठी म्हणूनच वाचली. विचार करतो.

चहाटळ
व्याकरणाकडून बघितलं तर "पुन्हा भेटू" हे कोणाला उद्देशून आहे ते लिहिलेलंच नाही. भावाला सांगा हे नातवंडांना आहे. काम फत्ते.

गावठी_ट्यूलिप
@चहाटळ, हे आईने सुचवून झालंय. भाऊ तयार पण झाला होता. मीच नाही म्हटलं. आजीला आम्हाला भेटायचं नव्हतं, आम्ही रोजच भेटत होतो.

पाळककाका, तुमची ओळ आज भावाला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, बायबल मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. बघू.

नास्तिकनाना
अपडेट द्या हं. माझ्या घरी पण वाचतायत आता.

(तीन आठवड्यांनंतर)

गावठी_ट्यूलिप
अपडेट. आठ दिवस भाऊ बोललाच नाही. मग परवा त्याचा फोन, भयंकर चिडलेला. मला वाटलं झालं आता. तर हा पाटीवाल्याकडे उभा होता. मला न सांगताच गेला होता बघायला. कारागिराने "पून्हा भेटु" कोरून ठेवलं होतं, पहिला दीर्घ, शेवटचा ऱ्हस्व. तो कारागीर म्हणतोय साहेब कोण बघतंय, आणि भाऊ म्हणतोय आमची आजी शाळामास्तरीण होती, ती उठली की पहिलं हेच बघेल. तासभर भांडून दुरुस्त करून घेतलं. आजोबांबद्दल अजून एक शब्द बोललेला नाही, मीही विचारलं नाही.

रविवारी पाटी बसली.

तिसरी_घंटा
❤️

अर्धा_कप
दगडावरचा शब्द दुरुस्त कसा करतात पण? नवीन पाटी घेतली का?

गावठी_ट्यूलिप
नाही, तीच घासली. त्या ओळीपाशी दगड जरा खोलगट झालाय, हात फिरवला की कळतं. पाऊस पडला की तिथे थोडं पाणी साठेल म्हणाला कारागीर.

बार्देसकार
चिमण्यांना बरं.